टँकरचं पाणी, कुबट वास आणि ‘ड्रम गेला’ : साडेतीन वर्षांच्या वॉशिंग मशीनचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा : पुण्याच्या वाघोलीत राहणाऱ्या एका ताईंचं ७ किलोचं फ्रंट लोड मशीन साडेतीन वर्षांचं आहे. सोसायटीला काही पाणी टँकरचं, काही बोअरचं. काळ्या कपड्यांवर पांढरट चट्टे येतात, टॉवेल पापडासारखे कडक होतात, दाराच्या रबरात काळं साचलंय, दार उघडलं की कुबट वास येतो आणि दोन महिन्यांपासून स्पिनला मशीन धडधडतं. बघायला आलेल्या मेकॅनिकने पाच मिनिटांत सांगितलं, “ड्रम गेला. खर्च करण्यापेक्षा नवीन घ्या.” सासूबाई म्हणतात, “तरी मी सांगत होते, वरून उघडणारं घ्या.” तर आता काय करायचं, आणि पुढे मशीन नीट वापरायचं कसं?

ताई, बावीस वर्षं मी हीच मशीनं उघडतोय. आधी धडधडीचं बघू, कारण पैशांचा प्रश्न तिथे आहे. बाकीच्या तक्रारी दिसायला चार असल्या तरी त्यांचं मूळ जवळजवळ एकच आहे. त्यावर नंतर येतो.

‘ड्रम गेला’ हे आमच्या धंद्यातलं फार सोयीचं वाक्य आहे. ड्रम म्हणजे भोकं पाडलेलं स्टीलचं पिंप. ते साडेतीन वर्षांत जात नाही. जातं ते त्याच्या मागचं काहीतरी. ड्रमला मागून धरणारा तीन हातांचा ॲल्युमिनियमचा स्पायडर, त्याचा दांडा ज्यांत फिरतो ती दोन बेरिंगं, बेरिंगपर्यंत पाणी पोचू न देणारं ऑइल सील, किंवा मग खालून टबाला, म्हणजे ड्रम ज्यात फिरतो त्या बाहेरच्या पिंपाला, झेलणारे शॉकअप. यातलं काय गेलंय हे तुम्ही घरी स्वतः ओळखू शकता, पाना-पक्कड न लावता.

मशीन रिकामं करा, प्लग काढा. दार उघडून ड्रमच्या वरच्या काठाला आतून चार बोटं लावा, ड्रम उचलल्यासारखा वर ओढा आणि खाली दाबा. नजर मात्र दाराच्या रबरावर ठेवा. ड्रम आणि रबर दोन्ही एकत्र वर-खाली होत असतील तर तो अख्खा टब हलतोय. टब स्प्रिंगांवर टांगलेला असतो, त्याने हलायलाच हवं. पण रबर जागच्या जागी आणि ड्रम तेवढा टक्-टक् करत हलतोय, दोघांमधली फट कमी-जास्त होतेय, असं दिसलं तर बेरिंग सैल झालंय. मग ड्रम हाताने जोरात फिरवा. बेरिंग धड असलं तर हलकी सळसळ ऐकू येते. गेलेलं असलं तर जातं फिरवल्यासारखी घरघर येते, आणि हाताला बारीक खरखर जाणवते. असं मशीन स्पिनला लागलं की शेजाऱ्यांना वाटतं लोहगावचं विमान गच्चीवरून गेलं.

शॉकअपची परीक्षा याहून सोपी आहे. ड्रमच्या खालच्या काठावर हात ठेवून टब खाली दाबा आणि एकदम सोडा. एकदा वर येऊन थांबला तर शॉकअप ठीक. पाळण्यासारखा तीन-चार हेलकावे खात राहिला तर शॉकअप झिजलेत. ते बदलणं तासाभराचं काम आहे, नवीन मशीन घेण्याचं कारण नाही. बदलाल तेव्हा सगळे एकदम बदला, एक नवा आणि एक जुना असं ठेवू नका.

आता या परीक्षांत मशीन पास झालं तर? माझा अनुभव असा की धडधडीच्या तक्रारी घेऊन बोलावणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या मशीनमध्ये काहीच मोडलेलं नसतं. मशीन चुकीच्या जागी उभं असतं किंवा त्यात कपडे चुकीचे भरलेले असतात. थोडा हिशोब सांगतो. स्पिन १२०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला १२०० फेऱ्यांवर, असताना, साधारण ४८ सेंटीमीटर व्यासाच्या ड्रमच्या कडेला असलेल्या वस्तूवर तिच्या वजनाच्या पावणेचारशे ते चारशे पट जोर येतो. म्हणजे अर्धा किलोचा ओला टॉवेल एका बाजूला चिकटून राहिला तर जवळपास दोनशे किलोंचा ओढा, आणि तोही सेकंदाला वीस वेळा दिशा बदलणारा. हे झेलायला आत काँक्रीटचे किंवा तसलेच जड ठोकळे बसवलेले असतात, म्हणून तर मशीन उचलताना हमालाच्या तोंडून शिव्या निघतात. पण त्यालाही मर्यादा आहे. एकटी सोलापुरी चादर टाकली की ती पाणी पिऊन दगड होते, एका बाजूला गोळा होते, आणि मशीन चार वेळा तोल साधायचा प्रयत्न करून शेवटी नाद सोडतं. चादर धुवायची तर सोबत दोन-तीन टॉवेल टाका, म्हणजे वजन चहूबाजूंनी पसरतं. डबल बेडशीट इतर कपडे पोटात घेऊन गाठोडं करते, तिच्यासोबत लहान कपडे नकोत. साडी गुंडाळून न टाकता घड्या मोडून मोकळी सोडा. काठाची, जरीची असेल तर मात्र तिला मशीन दाखवूच नका.

आणि मशीन ज्यावर उभं आहे ते बघा. चाकांचं स्टँड असेल तर ते आजच काढा. फ्रिजला ते चालतं, फ्रंट लोडला नाही. मशीन थेट फरशीवर, त्याच्या चार पायांवर उभं हवं. वरच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने तिरकं दाबून बघा. डुलत असेल तर पाय फिरवून लेव्हल करा आणि वरचा लॉकनट आवळा. नट न आवळल्यास महिनाभरात पाय आपोआप पुन्हा फिरतो.

घर बदललंय का मधल्या काळात? विचारायचं कारण असं. हडपसरला एका घरी मला बोलावलं तेव्हा मशीन ड्राय बाल्कनीतून निघून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आलेलं होतं. घरातल्या काकू दोन्ही हातांनी ते धरून उभ्या. मागे जाऊन बघितलं तर ट्रान्झिट बोल्ट चारही जागच्या जागी. मशीन हलवताना टब पक्का बांधून ठेवायला ते लावतात आणि जागेवर बसवल्यावर काढायचे असतात. सामान हलवणाऱ्यांनी इमानेइतबारे लावले होते, काढले मात्र कुणीच नाहीत. दहा मिनिटांचं काम झालं. बोल्ट काढून मी त्यांच्याच एका डब्यात घालून दिले, कारण पुढच्या वेळी घर बदलताना ते सापडत नाहीत आणि मग बेरिंग-शॉकअपवर घाव बसतात.

बेरिंगच गेलेलं निघालं, तरी घाबरू नका. बहुतेक घरगुती फ्रंट लोडमध्ये ६२०४, ६२०५, ६२०६ अशा नंबरांची साधीच बेरिंगं असतात, बाजारात कुठेही मिळतात. बेरिंग आणि सील महाग नसतात, महाग असते ती मजुरी, कारण मशीन कांद्यासारखं सोलावं लागतं. अडचण एकच. काही मॉडेलांत प्लास्टिकचा टब दोन भाग कायमचे जोडून बंद केलेला असतो. तो उघडत नाही, मग कंपनी अख्खा टब बदलायला सांगते आणि बिल फुगतं. म्हणून मेकॅनिकला तीन गोष्टी विचारा. टब स्क्रूचा आहे की सीलबंद? बेरिंग, सील आणि मजुरी वेगवेगळी लिहून द्याल का? आणि काढलेला जुना भाग मला दाखवाल का? तिसऱ्या प्रश्नाला जो चाचरतो त्याला चहा पाजून परत पाठवा. जाहिरातीतली दहा वर्षांची वॉरंटी बहुतेक वेळा फक्त मोटारीची असते. बेरिंग, कार्ड (मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड), पंप, मजुरी त्यात येत नाही. वॉरंटी कार्डाची पानं नीट वाचा, आणि कंपनीच्या माणसाशी वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ लक्षात असू द्या.

आता पाण्याकडे येतो. तुमच्या बाकीच्या चारही तक्रारींत पाण्याचा हात आहे.

खडकवासल्याचं पाणी मऊ आहे, म्हणजे त्यात क्षार कमी, त्यामुळे जुन्या पुण्यातली मशीनं मी उघडतो तेव्हा हीटरवर नावाला थर असतो. मुंबईतही तलावांचंच पाणी, तिथेही हा त्रास कमी. वाघोली, उंड्री, पिसोळी अशा बोअर-टँकरच्या पट्ट्यातलं मशीन उघडलं की हीटर चुना लावल्यासारखा पांढरा निघतो. विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याकडे, राहणाऱ्यांना तर हे सांगायलाच नको. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरतात, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बोअरचं पाणी या दोन आकड्यांच्या मध्ये आरामात बसतं, कधी वरही जातं.

आरओवाल्याच्या टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो पाण्यात विरघळलेलं सगळं मोजतो, जडपणा वेगळा मोजत नाही. घरगुती परीक्षा अशी : दोन सारख्या बाटल्या घ्या, एकीत आरओचं पाणी, एकीत नळाचं, दोन्ही निम्म्या. दोन्हींत आंघोळीच्या साबणाचा नखाएवढा किस टाकून जोरात हलवा. एकीत बाटलीभर फेस आणि दुसरीत पाणी गढूळ, वर दह्यासारखी साय, असं झालं तर तुमच्या मशीनमध्ये रोज काय साचतंय ते तुम्हाला दिसलं.

ती साय म्हणजे साबण आणि कॅल्शियमचा न विरघळणारा गाळ. धुण्याच्या पावडरीत त्यावर इलाज घातलेला असतो, पण पाणी फार जड असलं की निम्मी पावडर पाण्याशीच भांडण्यात संपते. टॉवेलाच्या धाग्यात तो क्षार अडकतो आणि टॉवेल कडक होतो. काळ्या कपड्यांवरचे चट्टे मात्र दोन प्रकारचे असतात, आणि त्यांचे उपाय उलटे आहेत. म्हणून एक चट्टा तपासा. साध्या कोमट पाण्याचं बोट त्यावर चोळा. बुळबुळीत लागून निघून गेला तर ती न विरघळलेली पावडर आहे, म्हणजे पावडर जास्त किंवा कपडे फार कोंबलेले. पाण्याने गेला नाही, पण लिंबाचा थेंब टाकल्यावर विरला, तर तो क्षार आहे. तुमच्याकडे दोन्ही सापडतील अशी माझी पैज.

क्षार काढायला कंपनीच्या नावाची महागडी पाकिटं घ्या किंवा किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व घ्या. बऱ्याच डिस्केलिंग पावडरींत मुख्य माल तोच असतो. ७ किलोच्या मशीनला साधारण १५० ग्रॅम लिंबूसत्त्व रिकाम्या ड्रममध्ये टाका, पावडर नको, कपडे नकोत, कॉटन प्रोग्राम ६० अंशांवर लावा. पाणी तापून ड्रम फिरायला लागल्यावर अर्ध्यात पॉज करून वीस-पंचवीस मिनिटं तसंच राहू द्या, मग पुढे चालू करा. शेवटी एकदा नुसतं रिन्स. पहिल्यांदा कराल तेव्हा आतून वाळूसारखे पांढरे कण येतील. घाबरू नका, पण झाल्यावर पंपाचा फिल्टर उघडून बघा, कण तिथे अडकतात. तुमच्या पाण्याला हे दर अडीच-तीन महिन्यांनी करा. मऊ पाण्याच्या घरी वर्षातून एकदा पुष्कळ झालं. कुणी दर आठवड्याला व्हिनेगर ओतायला सांगतं, ते ऐकू नका. आम्लाचा सततचा मारा रबराला आणि ॲल्युमिनियमच्या स्पायडरला मानवत नाही. आणि एक गोष्ट जिवाशी खेळण्याची आहे, म्हणून बजावून सांगतो. लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर आणि ब्लीचिंगचं पाणी कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो घशाला आणि छातीला लागतो.

पावडरीबद्दल माझं मत जरा कडक आहे. लोक कपडे किती मळलेत हे न बघता पावडरचा स्कूप भरतात, वर ‘आपलं एक चिमूटभर’ आणखी टाकतात. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ, ही बादलीतल्या धुण्याची सवय. फ्रंट लोडमध्ये कपडे वरून खाली आपटून धुतले जातात, फेस झाला की ते गादीवर पडल्यासारखे पडतात, आपटतच नाहीत. म्हणून हाताने धुवायची पावडर या मशीनला अजिबात चालत नाही. फेस रिन्सला जात नाही, पाण्याची पातळी सांगणाऱ्या नळीत शिरतो आणि मशीन गोंधळतं. तुमच्या पाण्याला, निम्म्याहून थोडा जास्त ड्रम भरला असेल तर ४५–५० ग्रॅम मशीनची पावडर पुरे. मऊ पाण्याला ३०–३५. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा मोजून स्कूपवर मार्करने रेघ मारा, म्हणजे घरात कुणीही कपडे लावले तरी माप एकच राहतं.

पावडर जास्त होतेय की नाही हे कळायची एक युक्ती आहे. धुतलेले, वाळलेले चार टॉवेल रिकाम्या मशीनमध्ये टाका आणि पावडर न घालता ४० अंशांवर लावा. दहा-पंधरा मिनिटांनी काचेतून बघा. फेस दिसला तर तो आला कुठून? गेल्या कित्येक धुण्यांची पावडर टॉवेलातच होती. कोथरूडच्या एका घरी मी हे करून दाखवलं तेव्हा काचेत इतका फेस आला की तिथल्या आजी म्हणाल्या, “अरे, तू गुपचूप पावडर टाकलीस!” फॅब्रिक सॉफ्टनरचंही तसंच. तो धाग्यावर मेणासारखा पापुद्रा चढवतो, टॉवेल मऊ लागतो पण पाणी टिपेनासा होतो, आणि ड्रॉवरमध्ये चिकट बुरशी धरते. टॉवेलांना सॉफ्टनर नकोच. त्यापेक्षा वाळत घालण्यापूर्वी टॉवेल दोन टोकं धरून सात-आठ वेळा जोरात झटका, अंगणात आई झटकायची तसा. चेंगरलेले धागे उभे राहतात आणि टॉवेल निम्मा मऊ होतो. हे फुकट आहे म्हणून कुणी करत नाही.

आता कुबट वास. मशीन रोज कपडे धुतं, पण ते स्वतः कधी वाळत नाही, हे सगळ्या वासाचं मूळ आहे. ड्रमच्या मागे, टबाच्या भिंतीवर, जिथे तुमचा हात पोचत नाही, तिथे पावडर, अंगाचं तेल, धाग्यांचा चोथा आणि क्षार यांचा एक लिबलिबीत थर बसतो. पाणी नेहमी गार, लिक्विड डिटर्जंट, तीस मिनिटांचा ‘क्विक’ प्रोग्राम आणि वर लगेच दार बंद, हे चौघं जमले की तो थर फोफावतो. कपड्यांवर कधी काळसर तपकिरी पापुद्रे येत असतील तर ते याच थराचे तुकडे.

पहिलं म्हणजे दार. कपडे काढले की दार आणि पावडरचा ड्रॉवर दोन्ही उघडे ठेवा, निदान तीन-चार तास. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर दार पूर्ण उघडं न टाकता दोरीने बोटभर फट राहील असं बांधा. मूल आत शिरायला नको. जाड प्लास्टिकचं कव्हर घालत असाल तर तेही काढा. ते धुळीपासून वाचवतं आणि ओल कोंडून ठेवतं. दुसरं, दाराचं रबर. त्याच्या खालच्या घडीत बोट घालून ती उलटी करा. तिथे पाणी, केसांचा गुंता, कधी हेअरपिन असते. शेवटच्या कपड्यांनंतर जुन्या बनियनच्या फडक्याने ती घडी पुसायची सवय लावा, वीस सेकंद लागतात. आधीच चढलेली काळी बुरशी पूर्ण जाणार नाही. ती रबरात मुरलेली असते. वरची पुसून निघाली आणि वास गेला की डाग राहिला तरी चालतो. रबराला भोक पडेपर्यंत ते बदलायची घाई नको.

तिसरं, पंधरवड्यातून एकदा टॉवेल, पायपुसणी, पांढऱ्या चादरी ६० अंशांवर धुवा, लांब प्रोग्रामवर, आणि त्या दिवशी लिक्विड नको, पावडरच. तो थर गरम पाणी आणि पावडरीतल्या सोड्याने सुटतो. इथे तुमच्यासारख्यांची एक पंचाईत आहे. पाणी जितकं जास्त तापवाल तितका क्षार हीटरवर जास्त बसेल. आजोळी पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबात आत पांढरा थर बसायचा ना, तोच हा. म्हणून रोजचे कपडे गार किंवा ३०–४० अंश, आणि ६० फक्त पंधरवड्याला. विजेची फार चिंता करू नका, ६० अंशांच्या एका धुण्याला पाऊण ते एक युनिट जातं.

पंपाचा फिल्टर महिन्याला एकदा उघडा. खाली उजव्या कोपऱ्यात, क्वचित डावीकडे, छोटं झाकण असतं. आधी शेजारची बारीक नळी असेल तर ती ओढून पाणी पसरट ताटात काढा. नळी नसेल तर फिल्टर एकदम सोडू नका, अर्धा आटा फिरवा, पाणी येऊ द्या, पुन्हा घट्ट करा, ताट ओता, पुन्हा सोडा. गरम धुण्यानंतर लगेच उघडलंत तर हात भाजेल. एका घरच्या फिल्टरमधून मी एकाच बैठकीत काढलेला ऐवज सांगतो : दोन रुपयांची तीन नाणी, शर्टाची दोन बटणं, ब्राची तार, एक रबरबँड आणि एक चांदीचं जोडवं. जोडव्यासाठी त्या घरी कामवाल्या मावशींवर वर्षभर संशय होता. मी ते हातात ठेवल्यावर कुणी काही बोललं नाही. मावशी ओट्यापाशी भांडी घासत होत्या. ब्राची तार मात्र फिल्टरपर्यंत आली हे त्या घराचं नशीब. एरवी ती ड्रमच्या भोकातून टबात शिरते आणि हीटरला किंवा रबराला भिडते. तारेचे, हुकांचे कपडे जाळीच्या पिशवीतच टाका.

मशीन पाणी घेताना अडतं, डिस्प्लेवर ‘आयई’ किंवा ‘फोर-ई’ येतं, तेव्हा आम्हाला फोन करण्याआधी नळ सुरू आहे का बघा. हसू नका, महिन्यातून दोन फेऱ्या मी याच कारणासाठी मारतो. नंतर पाण्याच्या पाइपचं मागचं टोक काढून व्हॉल्व्हच्या तोंडाची बारीक जाळी चिमट्याने ओढून टूथब्रशने घासा. टँकरच्या पाण्यातली माती तिथेच साचते. वरच्या मजल्यावर असाल तर टाकीची उंचीही मोजा. दहा मीटर उंचीला एक बार दाब मिळतो आणि बऱ्याच मशीनांना किमान ०.३ ते ०.५ बार लागतो. म्हणजे पाणी नळापेक्षा निदान तीन-पाच मीटर वर हवं. याउलट मशीन सतत पाणी भरतंय आणि सोडतंय असं दिसलं तर निचऱ्याचा पाइप तपासा. पंपाच्या मशीनमध्ये तो जमिनीपासून साधारण दोन-तीन फूट वर नेऊन मग खाली सोडायचा असतो. जमिनीवर लोळता ठेवला तर पाणी आपोआप ओढलं जातं.

प्लग १६ अँपिअरचा आणि थेट भिंतीतलाच हवा. हीटर बहुधा २००० वॉटच्या आसपास असतो, म्हणजे साडेआठ-नऊ अँपिअर. मोबाइलच्या एक्स्टेंशन बोर्डवर लावलेले प्लग वितळून काळे झालेले मी दर पावसाळ्यात बघतो. मशीनच्या पत्र्याला हात लागल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर ते ‘थोडंसं’ म्हणून सोडू नका. अर्थिंग नाही, आणि ओल्या हातांनी ओल्या फरशीवर उभं राहून वापरायचं यंत्र आहे हे. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. वळवाचा पाऊस गडगडायला लागला की प्लग काढून ठेवा. मे-जूनमध्ये माझ्याकडे जळलेली कार्डं रांगेने येतात.

ड्राय बाल्कनीत मशीन असेल तर उंदरांचं बघा. कित्येक फ्रंट लोडना खाली तळ नसतो. उंदीर आत शिरून ऊब बघून घरटं करतो आणि वायर नाहीतर निचऱ्याचा पाइप कुरतडतो. मशीनखाली पाणी दिसलं की लोक रबरावर संशय घेतात, पण दाताच्या खुणा पाइपवर असतात. खालून लोखंडी जाळी बसवणं हा त्यावर एकच उपाय. डांबरगोळ्यांचा फारसा उपयोग नाही, त्या चाटून गेलेले उंदीर मी बघितलेत.

राहिला सासूबाईंचा मुद्दा. त्या अगदीच चुकीचं बोलत नाहीत. टॉप लोडमध्ये दाराचं रबर नसतं, मध्येच विसरलेला मोजा टाकता येतो, खाली वाकावं लागत नाही, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे लहान कारण नाही. पण पाणी ते साधारण दुप्पट पितं, आणि जिथे टँकर मोजून येतो तिथे तो विचार करा. ड्रममागचा थर त्यातही तसाच बसतो, फक्त दार वर असल्याने वास उशिरा कळतो. खरं सांगायचं तर टँकरच्या वस्तीत मी अजूनही पुष्कळांना सेमी ऑटोमॅटिक सुचवतो, आणि लोकांना तो कमीपणा वाटतो. त्यात एकदाच भरलेल्या साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, मग पायपुसणी असं धुता येतं, उरलेलं पाणी संडासात जातं, मध्येच लाइट गेली तर बादलीने पुढचं काम उरकता येतं. फक्त स्पिनच्या टबचा ब्रेक लागत नसेल, झाकण उघडल्यावर टब फिरतच राहत असेल, तर दुरुस्त झाल्याशिवाय त्यात हात घालू नका.

पण तुमच्याकडे असलेलं मशीन आधी वाचवा. या रविवारी हाताने ड्रम हलवून बघा, पाय लेव्हल करा, लिंबूसत्त्वाचा एक फेरा मारा, मग दुसऱ्या दिवशी चार टॉवेल नुसत्या पाण्यात ४० अंशांवर. आठवडाभर दार उघडं ठेवा. त्यानंतरही रिकाम्या मशीनमध्ये, कपडा न टाकता, नुसत्या स्पिनला घरघर येत असेल तर बेरिंग. मेकॅनिकला बोलावताना फोनवरच तसं सांगा, आणि तो यायच्या आत मोबाइलवर त्या आवाजाचा व्हिडिओ काढून ठेवा. मेकॅनिक दारात आला की मशीन हमखास गुपचूप चालतं.